गाणी दुसऱ्यांची, अल्बम कुणाचा?

२०१३ साली लंडनच्या ‘मिनिस्ट्री ऑफ साउंड’ या क्लबाच्या रेकॉर्ड कंपनीने स्पॉटिफायला कोर्टात खेचलं. स्पॉटिफाय वापरणारे लोक कंपनीच्या संकलन-अल्बममधली गाणी त्याच क्रमाने लावून प्लेलिस्ट बनवत होते आणि वर नावही कंपनीचंच देत होते, ही तक्रार होती. गाणी स्पॉटिफायवर रीतसर परवान्याने आलेली होती, त्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. कंपनीचा मुद्दा क्रमाचा होता. कुठलं गाणं घ्यायचं, कुणाच्या मागे कुणाला बसवायचं, यात आमची पारख आणि मेहनत आहे, म्हणून तो क्रम आमच्या मालकीचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. त्या प्लेलिस्ट शोधात दिसणार नाहीत आणि नव्या लोकांना फॉलो करता येणार नाहीत, एवढं स्पॉटिफायने मान्य केलं. निकाल लागलाच नाही, त्यामुळे प्रश्न होता तिथेच राहिला.

याच कंपनीने १९९६ मध्ये ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ नावाचा दोन सीडींचा अल्बम काढला होता. त्यावर साशा आणि जॉन डिगवीड या दोन ब्रिटिश डीजेंची नावं आहेत. आतली बहुतेक गाणी दुसऱ्यांची. तरी प्रोग्रेसिव्ह हाउस हे क्लबातलं नाचाचं संगीत ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, तो बेधडक ‘साशा-डिगवीडचा अल्बम’ म्हणेल. तो बरोबरच म्हणतो असं माझं मत आहे. मात्र तो का बरोबर आहे, हे कोर्टात गेलेल्या कंपनीला धड मांडता आलं नाही आणि खुद्द चाहत्यांनाही क्वचितच मांडता येतं. कारण कंपनी, चाहते आणि या संगीताला नावं ठेवणारे, सगळे एकच गोष्ट करत बसतात: गाणी मोजतात.

आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. साशा वेल्समधल्या बँगरचा, डिगवीड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जचा. १९९२ मध्ये नॉटिंगहॅमशरमधल्या मॅन्सफील्ड या कोळसा खाणींच्या गावात ‘रेनेसाँ’ नावाचा क्लब सुरू झाला आणि तिथे या दोघांची जोडी जमली. त्या काळी क्लबातली रात्र टेप करून कॅसेटी विकायचा चोरटा धंदा जोरात होता. १९९४ मध्ये क्लबाने स्वतःच तीन सीडींचा संच बाजारात आणला, मिक्स, म्हणजे गाणी एकमेकांत मिसळून सलग वाजवणं, या दोघांचं. प्रत्येक गाण्याचा परवाना घेऊन निघालेल्या पहिल्या काही मोठ्या डीजे मिक्समध्ये त्याची गणना होते. कॅसेटवाल्यांना जे फुकटात जमत होतं ते कायद्याच्या चौकटीत बसवायला वकील, करार आणि पैसा लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचं आहे.

‘प्रोग्रेसिव्ह हाउस’ हे नाव १९९२ मध्येच ‘मिक्समॅग’ मासिकात रूढ झालं. ते देणारा पत्रकार डॉम फिलिप्स. हाच माणूस पुढे क्लबांचं जग सोडून ब्राझीलला गेला, ॲमेझॉनच्या जंगलावर आणि तिथल्या आदिवासींवर लिहू लागला. जून २०२२ मध्ये जावारी खोऱ्यात, आदिवासींसाठी काम करणाऱ्या ब्रूनो परेरा यांच्यासोबत त्याचा खून झाला. या शैलीचा विषय निघाला की मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता हे संगीत ऐकायला कसं असतं? एकेक गाणं आठ-दहा मिनिटांचं. वेग मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. शब्द कमी, बऱ्याचदा नाहीतच. एक थर येतो, स्थिरावतो, त्यावर दुसरा चढतो. गाणं सुरू होताना आणि संपताना मिनिट-दोन मिनिटं नुसता ठोका असतो, कारण ते एकटं ऐकायला बनवलेलंच नसतं. त्याच्या आधी काहीतरी वाजत असणार आणि नंतरही काहीतरी येणार, हे करणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. दोन्ही टोकांना जागा सोडून ठेवलेलं हे संगीत आहे.

त्या जागेत डीजे काय करतो ते जरा जवळून पाहू. दोन टर्नटेबल, मधे मिक्सर. एकावरचं गाणं हॉलमध्ये वाजतंय, दुसऱ्यावरचं फक्त डीजेच्या हेडफोनमध्ये. दोघांचे वेग वेगळे. टेक्निक्स १२०० या टर्नटेबलच्या उजव्या हाताला वेग बदलणारी पिचची पट्टी असते, ती वर-खाली आठ टक्क्यांपर्यंत जाते. ती केसभर सरकवून, तबकडीला बोटाने किंचित ढकलून किंवा रोखून, दोन्ही ठोके एकमेकांवर बसवायचे. इतपत काम सरावाने कुणालाही जमतं. खरं काम पुढे. मिनिटाला १२६ ठोके असतील तर ३२ ठोक्यांचं एक वाक्य साधारण १५ सेकंदांचं होतं. नवं गाणं वाक्याच्या मधेच घुसलं तर ठोके जुळूनही कान कुरकुरतो. म्हणून वाक्याच्या पहिल्या ठोक्यावर नवं गाणं आत येतं, तेही बेस पूर्ण काढून. ऐकू येते ती फक्त हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजांची, किसकिस. चार-पाच वाक्यं ती तशीच राहते. मग एका ठोक्यावर जुन्याचा बेस खाली, नव्याचा वर. ऐकणाऱ्याला बेस बदलल्याचं जाणवतं, पण नेमका केव्हा बदलला ते विचाराल तर सांगता येणार नाही. जुन्या गाण्याचा एखादा लांब ओढलेला स्वर अजून वर तरंगत असतो आणि खाली आता नव्या गाण्याच्या कॉर्ड सुरू झालेल्या असतात. मघाशी जो स्वर उदास वाटत होता तोच आता मोकळा वाटू लागतो. तो स्वर एका संगीतकाराचा, त्या कॉर्ड दुसऱ्याच्या, आणि त्या एकत्र आल्यावर जे ऐकू येतं ते दोघांपैकी कुणीच लिहिलेलं नाही.

हे दीड-दोन मिनिटं चालतं. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या सीडीत अशा दहा-बारा जागा. शिवाय सगळ्या मिळून एक चढ-उतार असतो, जो एकेका जोडापेक्षा मोठा आहे. ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ची पहिली सीडी नाचायला लावायची म्हणून सुरू होतच नाही. बराच वेळ ती संथ, धूसर, जवळपास ठोक्याविना चालते. क्लबाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अल्बममध्ये १९९६ साली हा मोठाच जुगार होता. पुढे तो ठोका येतो तेव्हा त्याचं जे वजन जाणवतं, ते आधीच्या त्या संथ वेळातून आलेलं असतं. तेच गाणं सुटं काढून ऐका, चांगलं आहे, पण ते वजन त्यात नाही.

म्हणून मिनिस्ट्री ऑफ साउंडचा दावा मला पटत नाही. स्पॉटिफायवरच्या त्या पोरांनी गाण्यांची यादी उचलली होती. जोड उचलले नव्हते, कारण सुट्या गाण्यांच्या यादीत जोड येऊच शकत नाहीत. एक गाणं संपतं, क्षणभर शांतता, दुसरं सुरू होतं. यादीवर मालकी सांगायची तर उद्या एखादा निवेदक म्हणेल की भावगीतांच्या कार्यक्रमात मी लावलेला क्रम दुसऱ्या कुणी लावायचा नाही. कंपनीचं नाव वापरून लोकांची दिशाभूल झाली असेल तर तो नावाचा, म्हणजे ट्रेडमार्कचा मामला. त्याचा निर्मितीशी संबंध नाही. निर्मितीच्या बाजूने बोलायला गेलेली कंपनी शेवटी यादीच्या बाजूने भांडली आणि डीजेचं खरं काम बाजूलाच राहिलं.

श्रोत्यांची गत फार वेगळी नाही. नावं ठेवणाऱ्यांच्या दोन ठरलेल्या तक्रारी. पहिली: ‘यात काही घडतच नाही.’ गाणं मोजायचं मुखडा, अंतरा आणि लक्षात राहणारी चाल या मापाने, आणि ज्याची गंमत वीस मिनिटांच्या पट्ट्यात आहे त्याला तीन मिनिटांत नापास करायचं, असा हा प्रकार. एक मात्र कबूल केलं पाहिजे. २००१-०२ च्या सुमारास या शैलीत इतके मिक्स निघाले, आणि त्यातले इतके एकाच राखाडी रंगाचे होते, की ब्रिटनमध्ये ‘प्रॉग’ म्हणजे कंटाळा असं समीकरणच होऊन बसलं. ते अन्यायाचं नव्हतं. हळू चढणारं सगळंच कुठेतरी पोचतं असं नाही. काही जण नुसतेच हळू असतात.

दुसरी तक्रार जास्त जुनी आणि जास्त आवडती: ‘दुसऱ्यांची गाणी वाजवतो, त्यात याचं काय?’ याला उत्तर द्यायला मला लांब जावं लागत नाही. गावच्या भजनी मंडळात बुवा उभे राहतात. अभंग ज्ञानोबांचा, नामदेवांचा, तुकोबांचा. चालही बहुधा परंपरेतून आलेली. रूपाचा अभंग कुठे, गौळण कुठे, भैरवी केव्हा, याचा एक साचा ठरलेला. त्या साच्यातही एका अभंगातून दुसऱ्यात जाताना ‘विठ्ठल विठ्ठल’ किती वेळ चालवायचं, लय कुठे चढवायची, मृदंगाला कुठे मोकळं सोडायचं, हे बुवा समोरच्या मंडळींकडे बघून ठरवतात. बुवांनी एक ओळ लिहिलेली नसते आणि ‘यात बुवांचं काय’ असं विचारायची कुणाची टाप नसते. भजन रंगलं तर बुवांचं नाव होतं, पडलं तर बोलणीही बुवाच खातात.

साशाच्या बाबतीत तर हा आक्षेप प्रत्यक्ष तपासून बघायची संधी श्रोत्यांना मिळाली होती. वर्षानुवर्षं ‘स्वतःचं काही कर’ असं ऐकल्यावर २००२ मध्ये त्याने ‘एअरड्रॉनडॅगर’ हा स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला. आता कुणाचीही उसनवारी नव्हती. प्रतिसाद संमिश्र आला. क्लबातल्या मिक्सची वाट पाहणाऱ्यांना तो शांत आणि अलिप्त वाटला. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, ग्लोबल अंडरग्राउंड या रेकॉर्ड कंपनीकडून ‘इन्व्हॉल्व्हर’ आला. त्यात पुन्हा दुसऱ्यांची गाणी, पण प्रत्येकाची मोडतोड करून साशाने ती एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरवर नव्याने बांधलेली आणि एकमेकांत ओवलेली. लोकांनी हा अल्बम उचलून धरला. म्हणजे ‘स्वतःचं काय’ म्हणणाऱ्यांना स्वतःचं दिलं तर ते फारसं भावलं नाही, आणि दुसऱ्यांच्या सामानावर केलेलं काम ‘साशाचं’ म्हणून लगेच ओळखू आलं. या माणसाची सही कुठे आहे याबद्दल श्रोत्यांच्या कानांना त्यांच्या तोंडापेक्षा जास्त कळत होतं.

चाहत्यांचाही एक दोष सांगतो. मिक्स बाहेर पडला की पहिला प्रश्न येतो, ट्रॅकलिस्ट काय? एखादं गाणं ओळखू आलं नाही तर ‘आयडी, आयडी’ म्हणून जीव काढतात. ही शिकार मजेची आहे हे खरं, आणि तिच्यामुळे अनेक अनामिक संगीतकारांची नावं लोकांपर्यंत पोचली हेही खरं. पण नावं मिळाली की ती गाणी सुटी विकत घ्यायची, एकेक ऐकायची आणि म्हणायचं, मिक्समध्ये ऐकलं होतं तसं वाटत नाही! तसं वाटणार कसं? जे आवडलं होतं ते बहुधा त्या गाण्याच्या आधीच्या चार मिनिटांत होतं.

आणखी एक भांडण ग्लोबल अंडरग्राउंडच्या मालिकेवरून. १९९६ पासून त्यांनी शहरांच्या नावाने मिक्स काढले: डिगवीडचं सिडनी आणि हाँगकाँग, साशाचं सॅन फ्रान्सिस्को आणि इबिझा, निक वॉरनचं बुडापेस्ट, डेव्ह सीमनचं ब्यूनोस आयर्स. मुखपृष्ठावर त्या शहरात उभा असलेला डीजे. आत काय तर त्या रात्रीच्या सेटवर बेतलेला, पण पुष्कळदा स्टुडिओत बसून नीट केलेला मिक्स. हे कळल्यावर काही जणांना फसवल्यासारखं झालं. मला तसं वाटत नाही. नाटकाचं ध्वनिमुद्रण स्टुडिओत केलं म्हणून ते नाटक खोटं ठरत नाही. शहराचं नाव लावून पर्यटनाचा माल विकल्यासारखं केलं, ती बाजारू चलाखी होती, तेवढं म्हणेन.

आमच्यासारख्यांनी हे सगळं ऐकलं ते क्लबात नाहीच. पुण्याच्या हॉस्टेलवर कुणाच्या तरी भावाने परदेशातून आणलेली सीडी कॉम्प्युटरवर चढवली जायची, एमपीथ्री व्हायची आणि रूमरूमला फिरायची. आता एमपीथ्री बनवताना प्रत्येक फाइलच्या पुढे-मागे काही मिलिसेकंदांची शांतता आपोआप चिकटते. सुट्या गाण्यांना त्याने काही फरक पडत नाही. सलग मिक्सचे मात्र बारा तुकडे झालेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या शिवणीवर ठोका अडखळतो. दोन मिनिटं मेहनतीने बांधलेला जोड नेमका तिथेच उचकी देतो. आयपॉडला ही उचकी घालवायला २००६ उजाडावं लागलं. आम्ही मात्र ती इतकी ऐकली होती की काही जणांना ती मिक्सचाच भाग वाटायची. शफल लागलेलं असलं तर विचारूच नका: गाणं मागच्या गाण्याची शेपटी घेऊन सुरू व्हायचं आणि पुढच्याचं तोंड दिसताच तुटायचं.

तो तांत्रिक दोष गेला, पण त्यामागची समजूत गेली नाही. आजच्या स्ट्रीमिंग सेवा मुळात ‘एक ट्रॅक’ हेच एकक मानून बांधलेल्या आहेत. हिशेब ट्रॅकचा, शिफारस ट्रॅकची, पैसे ट्रॅकमागे. चौऱ्याहत्तर मिनिटांची एक सलग वस्तू या व्यवस्थेत बसत नाही. म्हणून ती चिरून ठेवली जाते किंवा ठेवलीच जात नाही. नव्वदच्या दशकातल्या मिक्सचे परवाने त्या काळच्या सीडीविक्रीसाठी घेतलेले, बऱ्याचदा ठरावीक मुदतीचे. मुदत संपली, छोट्या रेकॉर्ड कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, हक्क कुणाकडे आहेत याचा पत्ता नाही. बारापैकी एका गाण्याची परवानगी अडली की सगळा मिक्स अडतो. एखाद्या कादंबरीतल्या एका प्रकरणाचा मालक सापडत नाही म्हणून कादंबरीच छापायची नाही, असं आपण चालवून घेतलं असतं का? हौशी लोकांनी यूट्यूबवर चढवलेल्या प्रतींवर भिस्त ठेवावी तर त्या आज आहेत आणि उद्या हक्कदाराच्या एका दाव्याने गायब. पुन्हा तोच चोरट्या कॅसेटचा काळ. मॅन्सफील्डच्या क्लबाने १९९४ मध्ये वकील लावून जी अडचण सोडवली होती, ती तीस वर्षांनी फिरून दारात उभी आहे.

मार्ग नाही असं नाही. २०२१ मध्ये ॲपल म्युझिकने शाझमचं तंत्र वापरून मिक्समधली गाणी ओळखायची आणि त्यांच्या निर्मात्यांना पैसे पोचवायचे अशी व्यवस्था सुरू केली. लंडनच्या मिक्सक्लाउडने त्याच्या बऱ्याच आधीपासून लांब मिक्ससाठी परवान्यांची सोय लावली आहे. यंत्र गाणं ओळखू शकतं, किती मिनिटं वाजलं ते मोजू शकतं, तर मिक्स सलग ठेवून पैसे मात्र मिनिटांच्या हिशेबाने वाटण्यात अडचण कसली? मुदतीचे परवाने बंद व्हावेत, एकदा परवाना दिला की त्या मिक्सपुरता तो कायम राहावा आणि मूळ संगीतकाराला प्रत्येक ऐकण्यामागे त्याचा वाटा मिळत राहावा. माझी मागणी एवढीच आहे. यात मूळ संगीतकाराचं नुकसान नाही. उलट आज मिक्स बंद पडल्यावर त्याला शून्य मिळतं.

दुसरी मागणी श्रेयाची, आणि ती आपल्या कायद्यालाही लागू आहे. १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यात ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, ज्याने मुद्रण घडवून आणलं तो. मिक्स करणारा पुण्या-मुंबईचा डीजे दुसऱ्याच्या कंपनीसाठी काम करत असेल तर कायद्याच्या लेखी तो त्या मिक्सचा कर्ता नव्हे. त्याच कायद्यात ‘प्रयोगकर्ता’ कुणाला म्हणायचं याची यादी आहे. तीत नट, गायक, वादक, नर्तक आहेत, कसरतपटू आहे, जादूगार आहे, चक्क गारुडीही आहे आणि शेवटी ‘प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ अशी मोकळी जागा. डीजे त्या शेवटच्या जागेत बसतो असा युक्तिवाद करता येईल, आणि करायला हवा. पुंगी वाजवणाऱ्याला जो मान कायद्याने नावानिशी दिला तो चौऱ्याहत्तर मिनिटं रचणाऱ्याने अनुमानाने का घ्यावा?

यावर एक रास्त आक्षेप येतो. डीजेला असा हक्क दिला तर उद्या लग्नात लागोपाठ दोन गाणी लावणारा प्रत्येक जण कर्ता म्हणून उभा राहील. राहू दे की. कुठेतरी रेषा ओढावी लागेल, आणि न्यायालयं असल्या रेषा रोज ओढतात. ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती ओढलीच होती. न्यायालयाचे निकाल ही सर्वांची मालमत्ता, पण संपादकाने ते छापताना स्वतःची बुद्धी आणि थोडी तरी सर्जकता वापरली असेल तर तेवढ्या भागावर त्याचा हक्क, नुसत्या कष्टावर नाही. मिक्सलाही हीच कसोटी लावा. नुसती यादी असेल तर काही नाही. जोडात काही घडलं असेल तर त्या जोडापुरतं, त्या मुद्रणापुरतं, त्याचं.

गोव्याचा उल्लेख टाळून या विषयावर मराठीत लिहिता येत नाही. डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सनबर्न हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला आणि या प्रकारचं संगीत आपल्याकडे हजारोंच्या घोळक्यात पोचलं. पण फेस्टिव्हलमध्ये एका डीजेच्या वाट्याला येणार तास-दीड तास, आणि खुल्या जागेत रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम. तो नियम हवाच, हणजूण-वागातोरच्या रहिवाशांनी त्यासाठी केलेली भांडणं खोटी नाहीत. परिणाम असा की साशा आणि डिगवीड न्यूयॉर्कच्या ट्विलो क्लबात महिन्यातून एकदा रात्रभर जे करायचे, ते आपल्याकडच्या बहुसंख्य श्रोत्यांना प्रत्यक्ष कधी ऐकायलाच मिळालं नाही. तासाभरात सगळी शिखरं दाखवायची तर चढण गाळावी लागते. २०१० नंतर जगभरातच मोठ्या मंचांवर ‘प्रोग्रेसिव्ह हाउस’ या नावाने वाजू लागलं ते दर चार मिनिटांनी फटाका फोडणारं भलतंच संगीत होतं, आणि आपल्याकडची एक पिढी त्यालाच प्रोग्रेसिव्ह समजून मोठी झाली. त्यांना १९९६ ची ती सीडी लावून दिली तर ‘सुरू कधी होणार?’ असं विचारतात. त्यांचा काय दोष? आपल्या परिस्थितीत मिक्स अल्बम हीच लांब रात्रीची एकमेव उपलब्ध प्रत आहे, आणि म्हणूनच ती नीट, सलग, कायदेशीरपणे ऐकायला मिळणं हा इंग्लंडातल्या म्हाताऱ्या होत चाललेल्या क्लबवाल्यांपेक्षाही आपल्याकडच्या श्रोत्याचा जास्त मोठा प्रश्न आहे.

अर्जेंटिनाने हे वेगळ्या तऱ्हेने सोडवलं. तिथे हर्नान कात्तानेओ या डीजेने लांब सेट ऐकणारा प्रेक्षक वर्षानुवर्षं घडवला, इतका की २०१८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या तेआत्रो कोलोन या जुन्या ऑपेरागृहात वाद्यवृंदासह त्याचे कार्यक्रम झाले. लोक खुर्च्यांवर बसून ऐकत होते. याला कुणी प्रतिष्ठेची हाव म्हणेल. मला त्यात जास्त साधी गोष्ट दिसते: त्या शहराने या माणसाला गाणी लावणारा न मानता संगीत करणारा मानलं होतं.

आता नवी भानगड आली आहे. २०२५ मध्ये ॲपल म्युझिकने एका गाण्याचा वेग दुसऱ्याशी जुळवून दोन्ही आपोआप एकमेकांत मिसळण्याची सोय आणली, आणि स्पॉटिफायनेही प्लेलिस्टमधल्या गाण्यांचे जोड बांधण्याची. लगेच दोन्हीकडून आवाज उठले. एक म्हणतात, झालं, डीजे संपला. दुसरे म्हणतात, यंत्राच्या मिक्समध्ये जीव नाही. दोघंही पुन्हा जोडाच्या गुळगुळीतपणाबद्दल बोलताहेत. ठोके जुळवणं यंत्राला आमच्यापेक्षा चांगलं जमणार यात शंका नाही; साशाने २००४ मध्येच ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं, तेव्हाही शुद्धतावाद्यांनी असाच गिल्ला केला होता. मी ती सोय लावून बघितली. वेग जुळले, सूर बऱ्यापैकी जुळले, उचकी कुठेच नाही. पण दर वेळी यंत्राने पुढचं गाणं निवडलं ते नुकत्याच संपणाऱ्या गाण्याकडे बघून. ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’च्या पहिल्या सीडीवर ते संथ मिनिटांमागून संथ मिनिटं ज्यासाठी चालतं, ते अजून खूप पुढे आहे. यंत्राला कुणी तिकडे बघायला सांगितलेलं नाही, आणि आम्हा श्रोत्यांकडून त्याच्याकडे जो विदा जातो, कुठलं गाणं मधेच टाकलं आणि कुठलं पूर्ण ऐकलं, त्यात ते संथ मिनिट सर्वांत आधी टाकून दिलेलं असणार.